कडूबाईंचा हिरडा

चहा गरम आहे असं कोणी म्हटलं, तरी आमच्या मॅडम विचारायच्या, "कशावरून?" सांगणारा गोंधळायचा. मग त्या स्वतः कपाला बोट लावून बघायच्या, आणि चहा खरोखर गरम निघाला तरी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान म्हणून दिसायचं नाही. पुराव्याअभावी एक आरोपी सुटला, इतकाच भाव. आमच्या फार्मसी कॉलेजात त्यांना सगळे कडूबाई म्हणत. खरं नाव चांगलं गोड होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीवर होतं आणि त्या पाटीवरही धूळ असायची.

मी त्यांना निवडलं नव्हतं. एम. फार्म.ला मार्गदर्शक ठरवताना बाकीच्या सरांकडच्या जागा भरल्या आणि मी कडूबाईंच्या वाट्याला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली तू?" म्हटलं, "अवसरी बुद्रुक." "हुशार आहेस?" "ठीक आहे, मॅडम." "कशावरून?" मी मार्क सांगितले. त्या म्हणाल्या, "मार्क कॉलेजनं दिलेत. कॉलेजला विद्यार्थी टिकवायचे असतात." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'अवसरी' झाले. माझ्याबरोबरच्या मुलाचं नाव 'बोरी' होतं, कारण तो बोरी बुद्रुकचा. दोन वर्षांत त्यांनी आम्हाला एकदाही नावानं हाक मारली नाही. हे कौतुकानं सांगत नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि तो रोज सकाळी घरून निघताना ताजा करून घ्यावा लागायचा नाही, तो आपोआप यायचा.

आमचं काम उंदरांवर होतं. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगशाळेत वाढलेले. हृदयाचा रक्तपुरवठा थांबला तर स्नायूला इजा होते, ती इजा औषधानं किती कमी करता येते, हे बघायचं. भूल दिलेल्या उंदराच्या हृदयाची एक रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधायची, काही वेळानं गाठ सोडायची, आणि पुढे त्या हृदयाचे पातळ काप करून रंगात बुडवायचे. जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला फिका राहतो. फिका भाग जितका कमी, तितकं औषध खरं.

या कामात त्या एक गोष्ट अजिबात खपवून घेत नसत. उंदीर हातात धरून बोरी एकदा हसला. काहीतरी विनोद झाला होता, उंदरावर नव्हताही. कडूबाईंनी त्याच्या हातातून तो प्राणी घेतला, पिंजऱ्यात ठेवला आणि बोरीला आठवडाभर प्रयोगशाळेत येऊ दिलं नाही. "तो तुझ्यासाठी मरणार आहे. निदान त्याच्यासमोर तोंड बंद ठेव," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात पिंजऱ्यांखालचा भुसा कोरडा नाही म्हणून मलाही बोलणी बसली. त्यांच्या बोलण्यात शिवी कधी नसायची. शिवी परवडली असती.

शिकवतानाही त्या भांडल्यासारखं शिकवायच्या. "रक्त थांबलं की स्नायू मरतो, हे रस्त्यावरचा माणूससुद्धा सांगेल. रक्त परत आलं की त्यातला आणखी थोडा मरतो, हे तुम्ही शिका," असं म्हणून त्या फळ्याकडे वळायच्या. अडवलेलं रक्त परत सुटतं, त्याबरोबर प्राणवायू एकदम आत येतो, आणि आधीच थकलेल्या पेशी त्या लोंढ्यानंच फुटतात. डॉक्टर रक्तवाहिनी उघडतात, ते करावंच लागतं. पण उघडतानाची ही इजा थोपवणारं औषध अजून कोणाला नीट सापडलेलं नाही. कितीतरी औषधं उंदरात चालली आणि माणसात पडली. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग असायचा, जणू त्या औषधांनी त्यांना व्यक्तिशः फसवलं होतं.

आम्ही ज्याची परीक्षा घेत होतो तो होता हिरडा. हा विषय त्यांनीच निवडला होता, आणि का निवडला ते पुष्कळ उशिरा कळलं. कडूबाई मढ गावाकडच्या. माळशेजच्या वाटेवरच्या त्या डोंगरात त्यांची आई जन्मभर हिरडा वेचायची आणि येईल त्या व्यापाऱ्याला येईल त्या भावानं घालायची. लहानपणी त्याही पाठीवर पोतं घेऊन आईमागे फिरलेल्या. हे त्यांनी सांगितलं नाही, मढच्या एका नातेवाइकानं कॉलेजात येऊन सांगितलं, आणि तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला गप्पा मारायला कामधंदा नाही. काप मोजा."

पहिल्या खेपेचे काप फार सुंदर निघाले. ज्या उंदरांना आधी हिरड्याचा अर्क दिला होता, त्यांची हृदयं जवळजवळ पूर्ण लाल. बाकीच्यांची फिक्या डागांनी भरलेली. मोजणी खुद्द कडूबाईंनी केली होती. मी आणि बोरी एकमेकांकडे बघून खूश झालो. शिपाई बबनभाऊंनी न सांगता पेढे आणले. बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले, एका कापाकडे चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या तालुक्याचं नाव निघणार."

साहेब गेल्यावर कडूबाईंनी पेढ्याचा डबा बंद करून बबनभाऊंच्या हातात परत दिला. "हे सगळं पुन्हा करायचं," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "का, मॅडम? चुकलं काय?"

"मोजलं कोणी?"

"तुम्ही."

"कोणता उंदीर हिरड्याचा, हे मला माहीत होतं?"

"होतं."

"मला हिरडा जिंकायला हवा होता, अवसरी. लहानपणापासून हवा होता. माझ्यासारख्या बाईनं मोजलेलं धरायचं नाही."

मला रडू आलं. सहा महिन्यांचं काम एका बाईच्या संशयापायी पुसलं जात होतं, आणि या वेळी संशय तिचा तिच्यावरच होता, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी. त्या दिवशी मी घरी आईला म्हटलं की मी शिक्षण सोडते. आई म्हणाली, "सोड. कांदा काढायला बाया मिळत न्हाईत." मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले.

आता मोजायचं कोणी, हा प्रश्न होता. कडूबाईंनी जे केलं ते ऐकून कॉलेजात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्यांनी काप कुलथे सरांकडे पाठवले.

कुलथे सर वनौषधी शिकवायचे. ते आणि कडूबाई एकमेकांशी बोलत नव्हते, किती वर्षांपासून ते कोणाला आठवत नव्हतं. भांडण कशावरून झालं याच्या तीन-चार हकिकती होत्या. एकाच स्टाफरूममध्ये बसून दोघं बबनभाऊंमार्फत बोलत. "त्यांना सांगा, खिडकी लावा." "त्यांना सांगा, मला वारा लागतो." सरांना कडूबाईंची जिरलेली बघायची होती, आणि हे ते लपवत नसत. नेमक्या याच कारणासाठी त्यांना निवडलं होतं. "माझं चांगलं व्हावं असं वाटणारा माणूस या कामाला उपयोगाचा नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याला मी पडलेली बघायचीय, तो नीट मोजेल."

दुसऱ्या खेपेला कापांवर फक्त क्रमांक होते. कोणता कोणाचा, ते पाकीट बंद करून प्राचार्यांच्या कपाटात ठेवलं होतं. कुलथे सरांनी वैऱ्याच्या निष्ठेनं मोजलं. तीन काप वाकडे कापलेत म्हणून परत पाठवले, दोनांवर रंग नीट चढला नाही म्हणून शेरा मारला. या खेपेला आम्ही उंदरांचे गटही वाढवले होते. काहींना अर्क आधीपासून दिला, काहींना इजा झाल्यावर.

पाकीट उघडलं तेव्हा कळलं. आधीपासून भरपूर अर्क दिलेल्या उंदरांत फायदा होता, पण अगदी थोडा, असून नसल्यासारखा. इजा झाल्यावर दिलेल्यांत काहीच नव्हता. पहिल्या खेपेचा तो लालभडक विजय कुठे गेला होता कोण जाणे. कडूबाईंनी आकडे दोनदा वाचले. मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे. वळल्या तेव्हा चेहरा नेहमीचाच होता. "कुलथे सरांना सांगा, आभारी आहे," त्या बबनभाऊंना म्हणाल्या. बबनभाऊंनी निरोप दिला. सर म्हणाले, "त्यांना सांगा, मी त्यांच्यासाठी केलं नाही."

साहेबांचा एक मेव्हणा होता, त्याचा चूर्णांचा कारखाना होता. त्यानं पहिल्या खेपेच्या बातमीवरच डबे छापून ठेवले होते. हृदयासाठी हिरडा, महाविद्यालयीन संशोधनाने सिद्ध. त्याला मॅडमची सही हवी होती. साहेबांनी बोलावलं, चहा दिला, समजावलं. कडूबाई म्हणाल्या, "सिद्ध झालंय ते एवढंच, की हे हृदयविकाराच्या झटक्यानंतर घेऊन उपयोग नाही. ते छापणार असाल तर आत्ता सही करते." सही मिळाली नाही. डबे मात्र बाजारात आले, कॉलेजच्या इमारतीचा फोटो लावून.

माझ्या वडिलांना, अण्णांना, त्याच्या काही महिने आधी झटका आला होता. पुण्याला नेऊन अँजिओप्लास्टी केली. गावाच्या भाषेत स्प्रिंग टाकली. घरी आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन. अण्णा आयुष्यात कधी गोळी न घेतलेला माणूस. दोन-चार महिने घेतल्या. मग एका रविवारी मी घरी असताना देवाच्या फोटोमागे काहीतरी काढायला हात घातला, तर गोळ्यांची न फोडलेली पाकिटं हाताला लागली. शेजारी हिरड्याचा डबा. त्यावर आमच्या कॉलेजचा फोटो.

"गोळ्या कधी सोडल्या?"

"झालं पंधरा-वीस दिस."

"अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय, बंद करायच्या नाहीत म्हणून."

"झाडपाल्याचं हाय हे. अपाय न्हाई करत. आन् तुमच्याच कॉलेजचं हाय की. तू तिथं शिकती, आन् मी डब्यावर इस्वास ठेवू नको व्हय?"

आई म्हणाली, कालपासून वरच्या रानाकडे चढताना यांना छातीत भरून येतंय आणि मध्येच बसावं लागतंय. अण्णा म्हणाले, पित्त आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर टॉवेल खांद्यावर टाकून कांदाचाळीकडे निघून गेले.

मी तिथूनच गाडी काढली आणि कॉलेजकडे गेले. रविवारीही कडूबाई उंदरांना बघायला येत हे मला माहीत होतं. मी आत शिरले आणि डबा त्यांच्या टेबलावर आपटला. जे दोन वर्षं बोलले नव्हते ते सगळं बोलले. म्हटलं, "तुम्ही सही केली नाही, तुमचे हात स्वच्छ राहिले. पण लोकांना सांगायला तुम्ही बाहेर पडलात? तुमचा संशय फक्त आमच्यासाठी. माझा बाप हे खातोय."

त्या डब्याकडे बघत राहिल्या.

"छातीत दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"भरून येतंय. चढताना."

"गाडी आणलीयस? चल."

माझ्या स्कूटीवर मागे बसून त्या अवसरीला आल्या. अण्णा ओट्यावर बसले होते. "या बाई, बसा," ते म्हणाले. "पाणी आण गं."

"पाणी नको. गोळ्या का सोडल्या?"

अण्णांना ही सुरुवात आवडली नाही. तरी पाहुणी म्हणून शांतपणे म्हणाले, "गोळ्या खाऊन माणसाला रोगी झाल्यावानी वाटतं. हे चूर्ण बरं हाय."

"ते चूर्ण नाही, पण तोच हिरडा मी उंदरांना दिलाय. झटका आल्यावर दिला तर काही उपयोग होत नाही."

"आमी काय उंदीर हाय का?"

"नाही. उंदीर दिलेलं औषध थुंकत नाहीत." मग मी आतून आणलेल्या गोळ्या त्यांनी ओट्यावर मांडल्या. "तुमच्या रानाला पाटाचं पाणी आहे?"

"हाय. डिंभे धरनाचं."

"पाण्याचं आवर्तन लांबलं तर कांदा तग धरतो?"

"उन्हावर हाय ते. ऊन कमी आसंल तर धरतो."

"ही गोळी ऊन कमी करते. हृदयाला सावकाश चालायला लावते, म्हणजे त्याला रक्त कमी लागतं. कमी रक्तातही त्याचा स्नायू जगतो. ही दुसरी तुमच्या त्या स्प्रिंगीत रक्ताची गाठ होऊ देत नाही. ती तुम्ही बंद केलीत, म्हणजे नव्या पाटात स्वतःच्या हातानं माती टाकलीत. आणि ही तिसरी पाटाच्या भिंती नीट ठेवते. हिरडा यातलं काही करत नाही. खोकल्याला घ्या, पोटाला घ्या. माझी आई त्याच्यावर जगली, मला त्याची बदनामी करायची नाही."

अण्णांनी ऐकून घेतलं. पण त्यांनी एकदा नाही म्हटलं की ते बदलत नाही, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "तुमचं बोलनं पटतंय बाई. पर मला न्हाई खायाच्या. आमचं वाडवडील बिनगोळीचं जगलं."

"किती वर्षं जगले?"

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. आजोबा शेतातच छातीत कळ येऊन गेले होते, अण्णांपेक्षा लहान वयात.

मग कडूबाई उठल्या. चप्पल घालता घालता त्या अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "नका घेऊ. अवसरी, तुझा वेळ घालवू नकोस. हा माणूस कांद्याच्या पुढच्या हंगामाला नसेल. माणसं ओळखण्यात माझी चूक होत नाही. असे अडेल लोक आधी जातात, आणि मागची रडत बसतात."

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. आमच्या ओट्यावर येऊन अण्णांना असं कोणी बोललं नव्हतं. अण्णांचा चेहरा लाल झाला. ते उभे राहिले.

"मी मरंन व्हय? तुमी ठरवनार? तुमाला पोचवून मगच जाईन मी, ध्यानात ठेवा."

"बघू."

"बगाच. आण गं त्या गोळ्या."

"आत्ता घरच्या घरी नाही," कडूबाई म्हणाल्या. "खंड पडलाय आणि छातीत भरतंय. आधी डॉक्टर. तुमच्यात तेवढी ताकद असेल तर."

अण्णा माझ्याआधी गाडीत जाऊन बसले. शेजाऱ्यांची जीप होती. मंचरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर हे निभावलं नसतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून आमच्या घरी रोज सकाळी हा कार्यक्रम असतो. अण्णा गोळ्या तळहातावर घेतात, 'त्या बाईला' दोन शब्द हासडतात आणि पाण्याबरोबर गिळतात. एकही दिवस चुकत नाही. आई म्हणते, देवाचं नावसुद्धा यांनी इतक्या नेमानं कधी घेतलं नाही.

त्याच आठवड्यात कडूबाई मंचरच्या आठवडे बाजारात गेल्या. साहेबांच्या मेव्हण्याचा माणूस जिथं डबे विकायचा त्या टेबलाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या, "हे हृदयासाठी नाही. ज्या संशोधनाचं नाव लावलंय ते मी केलंय. तुमच्या गोळ्या सोडू नका." माणूस आरडाओरडा करून थकला. लोक जमले, कोणी व्हिडिओ काढला. दोन बाजार त्या अशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्या बाजाराला तो माणूस टेबल घेऊन आलाच नाही.

साहेबांनी मग कुलथे सरांना बोलावलं. मोजणीत चूक झाली असावी, पहिल्या खेपेचे आकडेच बरोबर होते, असं लिहून द्या म्हणाले. सर परत आले ते थेट स्टाफरूममध्ये. कडूबाई तिथंच होत्या. सर बबनभाऊंकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "त्यांना सांगा, मी लिहून दिलं नाही. त्यांची जिरावी असं मला फार वाटतं. पण आकडे माझे आहेत."

कडूबाईंची नेमणूक त्या वर्षी पुढे वाढली नाही. कारण दिलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्यांना विदर्भातल्या एका कॉलेजात जागा मिळाली. माझा प्रबंध कुलथे सरांच्या हाताखाली पूर्ण झाला. हिरड्याचा उपयोग का दिसला नाही, यावर. आता मी एका कंपनीत औषधांच्या तपासणीचं काम करते. मनासारखा निकाल आला की मला धडकी भरते. हे सुख आहे असं मी म्हणणार नाही.

त्या गेल्या त्या दिवशी मी मंचरच्या एसटी स्टँडवर गेले. का गेले ते मला सांगता यायचं नाही. त्या मला आवडत होत्या असं अजूनही तोंडातून निघत नाही. एक ट्रंक, एक पिशवी आणि त्या, बाकावर बसलेल्या. समोर रसवंतीपाशी कुलथे सर उभे होते, पाठ करून. गाडी लागली तेव्हा ते आले, ट्रंक उचलली, आत नेऊन सीटखाली सरकवली आणि काही न बोलता निघून गेले. कडूबाईंनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. पण ते स्टँडबाहेर दिसेनासे होईपर्यंत त्या गाडीत चढल्या नाहीत.

मग खिडकीशी बसून त्यांनी मला विचारलं, "वडील गोळ्या घेतात?"

"घेतात, मॅडम. रोज."

"मला शिव्या देतात का?"

मी त्यांची पिशवी खिडकीतून आत सरकवली. मग म्हटलं, "देतात."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. कंडक्टरनं घंटी मारली. मी विचारलं, "अण्णांना तुमचा नमस्कार सांगू का?"

"अजिबात सांगू नकोस," कडूबाई म्हणाल्या. "राग उतरेल त्यांचा."

मी तो नमस्कार अजून सांगितलेला नाही.